गोठ्यातले ऊन आणि पेशीतली जनुके

एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्रातील तापमानाचा तक्ता पाहिला, तर विदर्भ-खानदेशातल्या गावांच्या जोडीला नाशिक जिल्ह्यातले एक नाव वरच्या ओळींत वारंवार दिसते. ते नाव म्हणजे मालेगाव. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीचे डोंगर पावसाने झोडपून निघतात; आणि ईशान्येला गिरणा व मोसम यांच्या काठचे हे गाव पर्जन्यछायेत तापत राहते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर गेला तरी येथे कोणाला फारसे नवल वाटत नाही. मालेगाव म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते. पण आसपासच्या खेड्यांत, किंबहुना कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या सगळ्या ‘कसमादे’ पट्ट्यात, कांदा आणि डाळिंब यांच्या सोबतीने दुधाचा धंदाही चालतो. गोठ्यांवर बऱ्याच ठिकाणी पत्रा असतो, आणि त्याखाली काळ्या-पांढऱ्या संकरित गाई व त्यांची वासरे बांधलेली असतात.

अशा गोठ्यातल्या पाच-सहा महिन्यांच्या कालवडीच्या शरीरात दुपारी दोन वाजता काय चालले असेल, असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. खेड्यातली मुले पटापट उत्तरे देतात : ती धापा टाकते, तोंडाला लाळ येते, पाणी जास्त पिते, चाऱ्याला तोंड लावत नाही, बसत नाही. सगळी उत्तरे बरोबर आहेत. पण मोठ्या वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने पुढे विचारले, की या उन्हाचा तिच्या जनुकांवर काही परिणाम होतो का, तर आपण बहुधा ‘नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होऊ. जनुके आईबापांकडून येतात, ती जन्मभर तीच राहतात, ऊन-पावसाने ती बदलत नाहीत, असे पाठ्यपुस्तकाने आपल्याला शिकवलेले असते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. जनुके तीच राहिली तरी त्यांतली कोणती कामाला लागली आहेत आणि कोणती स्वस्थ बसली आहेत, हे घटकेघटकेला बदलते. मालेगावचेच उदाहरण घ्यायचे तर कारखान्यात माग पन्नास असले, म्हणून पन्नासही एका वेळी चालतातच असे नाही. कोणते चालवायचे ते मागणीवर आणि विजेवर ठरते.

उन्हाने हे ‘माग’ बदलतात, हे माणसाला कळले ते गाईवरून नव्हे. ते कळले एका फळमाशीवरून, आणि तेही चुकून.

इटलीतील नेपल्स येथे १९६० च्या सुमारास फेरुच्चो रितोस्सा नावाचा एक तरुण संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होता. या ग्रंथींच्या पेशींत गुणसूत्रे विलक्षण जाड असतात. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्यांच्यावरचे आडवे पट्टे दिसतात. जिथे जनुक जोरात काम करीत असते, तिथे गुणसूत्र सैल होऊन फुगलेले दिसते. जनुक ‘चालू’ असल्याचे डोळ्यांनी पाहायचे त्या काळात हे जवळजवळ एकमेव साधन होते. एके दिवशी प्रयोगशाळेतल्या कोणी तरी अळ्यांच्या उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोस्साने नेहमीप्रमाणे गुणसूत्रे पाहिली, तर फुगवटे नेहमीच्या जागी नव्हते. काही जुने फुगवटे मावळले होते आणि अगदी वेगळ्याच जागी नवे उगवले होते. त्याने मुद्दाम तापमान वाढवून पुन्हा पाहिले. तेच झाले, आणि तेही काही मिनिटांत! पेशीतल्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणणारी काही रसायने देऊनही तेच फुगवटे आले. म्हणजे ही खूण एकट्या उष्णतेची नव्हती, पेशीवर आलेल्या संकटाची होती.

त्याचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. या गोष्टीला जीवशास्त्रात काय महत्त्व आहे ते कळत नाही, असा एकूण सूर होता. अखेर १९६२ साली तो ‘एक्स्पेरिएन्शिया’ या नियतकालिकात छापून आला. पुढची जवळजवळ बारा वर्षे त्याकडे थोड्याच लोकांनी लक्ष दिले. त्या थोड्यांत भारतीय होते, हे येथे नोंदवले पाहिजे. कलकत्त्यात मुखर्जी व सुभाषचंद्र लाखोटिया यांनी १९७० मध्ये दाखवले, की उष्णतेने उगवणाऱ्या फुगवट्यांपैकी एक विशिष्ट फुगवटा बेन्झामाइड या रसायनाने एकटाच उगवतो. लाखोटियांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात याच जनुकावर अनेक दशके काम केले. या जनुकापासून प्रथिन तयार होत नाही, त्याचा आरएनए स्वतःच पेशीत कामे करतो. त्या काळच्या समजुतीला हे न पटणारे होते.

फुगवट्यांतून निघते तरी काय, याचे उत्तर १९७४ मध्ये मिळाले. अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आल्फ्रेड टिस्सिएर, हर्शेल मिचेल आणि उर्सुला ट्रेसी यांनी तापवलेल्या अळ्यांच्या ऊतींना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले आणि नव्याने तयार होणारी प्रथिने वेगळी करून पाहिली. नेहमीच्या प्रथिनांचे उत्पादन घटले होते आणि मूठभर नवी प्रथिने भरभरून तयार होत होती. त्यांना ‘उष्माघात प्रथिने’ म्हणजे हीट शॉक प्रोटीन हे नाव पडले. वजनावरून त्यांना एचएसपी ७०, एचएसपी ९० असे क्रमांक मिळाले. मग शोधाशोध सुरू झाली, आणि जीवाणू, यीस्ट, कोंबडी, माणूस, जिथे पाहावे तिथे तीच प्रथिने सापडू लागली. माशीत जे आहे ते गाईतही आहे, हे मग ओघानेच आले.

त्यांचे काम समजायला अंडे पुरे. अंडे उकडले की पांढरे पडून घट्ट होते, कारण त्यातल्या प्रथिनांच्या नीट घातलेल्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. गाईची पेशी काही उकडत नाही, पण शरीराचे तापमान ३८.५ वरून ४०-४१ अंशांवर गेले, तरी पेशीतली काही नाजूक प्रथिने उलगडू लागतात. उष्माघात प्रथिने अशा उलगडत्या प्रथिनांना धरून ठेवतात, पुन्हा घडी घालायला मदत करतात, आणि जी सुधारण्यापलीकडे गेली त्यांची विल्हेवाट लावायला हातभार लावतात. आता यातली युक्ती पाहा. उष्माघात जनुके चालू करणारे एक प्रथिन पेशीत आधीपासून असते, पण नेहमीच्या वेळी एचएसपी ७० आणि एचएसपी ९० यांनीच त्याला अडकवून ठेवलेले असते. ऊन लागले, प्रथिने बिघडू लागली, की ही राखणदार मंडळी तिकडे धावतात. अडकलेले प्रथिन मोकळे होते, तिघातिघांनी जोडले जाते, आणि डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते. जनुक चालू होते. पुरेशी उष्माघात प्रथिने तयार झाली, की ती पुन्हा त्याला अडकवतात आणि जनुक बंद होते. शाळेतल्या इस्त्रीतला तापमान-नियंत्रक शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

आता माशी सोडून गोठ्याकडे येऊ. गाईला ऊन सोसत नाही, ही गोष्ट जनुकांचे नाव माहीत होण्यापूर्वीच हिशेबात आली होती. इंग्रजांनी लष्कराच्या दुधासाठी १८८९ मध्ये अलाहाबादला पहिले लष्करी दुग्धकेंद्र काढले. पुढे या केंद्रांत परदेशी वळूंशी संकर सुरू झाले. पहिल्या पिढीच्या संकरित गाई चांगले दूध देत, पण विदेशी रक्त जसजसे वाढत जाई, तसतशी जनावरे उन्हाला आणि रोगांना बळी पडत. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत उलटी गंमत चालली होती. तिथल्या दक्षिणेकडच्या उष्ण प्रांतांत युरोपीय गुरे टिकेनात, म्हणून भारतातून ओंगोल, गीर, कांकरेज आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णाखोरे ही गुरे नेऊन त्यांतून ‘ब्राह्मण’ नावाची जात तयार केली गेली. मिसुरी विद्यापीठात सॅम्युएल ब्रॉडी यांनी १९४० नंतरच्या दशकात गाईंसाठी तापमान-नियंत्रित खोल्या बांधल्या आणि जर्सी, होल्स्टिन व ब्राह्मण गाईंना शेजारी ठेवून मोजमापे घेतली. युरोपीय गाईंचे खाणे आणि दूध साधारण २१ ते २७ अंशांच्या पुढे घसरू लागे. ब्राह्मण गाई ३२ ते ३५ अंशांपर्यंत निभावून नेत.

आपल्याकडे १९६० नंतर दुधाची टंचाई हाच मोठा प्रश्न होता. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी आधी गीर गाईंचा उत्तम कळप वाढवला होता. १९६७ मध्ये त्यांनी बाएफची स्थापना केली आणि गोठविलेल्या वीर्याने होल्स्टिन व जर्सीचा संकर शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ तयार केली; तिच्यात निम्मे होल्स्टिन, पाव जर्सी आणि पाव गीर आहे. करनालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने थारपारकर आणि होल्स्टिन यांच्या संकरातून ‘करन फ्रिज’ ही जात काढली. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे होती आणि त्यांत पाच कोटींहून अधिक विदेशी व संकरित. या गाईंनी अनेक कोरडवाहू घरांत रोजचा पैसा आणला, हे विसरून ‘संकराने वाटोळे केले’ असे म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. देशी गाईच्या नावाने आज जी भाबडी भाषणे होतात, त्यांनीही दुधाचा हिशेब जुळत नाही. मात्र वीर्याची नळकांडी निवडताना दुधाचा आकडा पाहिला गेला, उन्हाचा आकडा फारसा पाहिला गेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

दूध का घटते, याचे जुने उत्तर होते : गाय खात नाही म्हणून. पुढे अमेरिकेत काही गाईंना उन्हात ठेवून आणि काहींना गारव्यात ठेवून, पण दोघींना सारखाच कमी चारा देऊन पाहिले. तेव्हा असे आढळले, की दुधातली साधारण एक तृतीयांश ते निम्मी घटच कमी खाण्याने समजावता येते. उरलेली घट ऊन शरीराच्या आतला कारभार बदलते त्यामुळे होते. रॉबर्ट कोलियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गाईच्या कासेच्या पेशी बशीत वाढवून ४२ अंशांवर ठेवल्या. उष्माघात जनुके जोरात चालू झाली, आणि पेशींच्या वाढीशी संबंधित अनेक जनुके मंदावली. पन्नासातले बहुतेक माग थांबवून दोन-चार मागांवर नुसती ठिगळे विणायची, तसा हा प्रकार आहे.

हे सगळे जिवंत वासरात कसे मोजतात? मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढतात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात. चालू असलेले जनुक आपल्या मजकुराची आरएनए नक्कल काढत असते. ती नक्कल जितकी जास्त, तितके जनुक जोरात. १९७० मध्ये सापडलेल्या एका विकराने आरएनएचा पुन्हा डीएनए करता येतो, आणि १९८३ मधल्या पीसीआर या तंत्राने त्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून मोजता येतात. वासराला इजा न करता सकाळ-दुपार, उन्हाळा-हिवाळा तुलना करता येते ती यामुळे.

भारतात ही मोजमापे बरीच झाली आहेत. करनालच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाई-म्हशींच्या रक्तपेशींतली उष्माघात जनुके वसंतापेक्षा उन्हाळ्यात अधिक चालू आढळली, आणि हिवाळ्यातही ती वाढलेली होती! ‘उष्माघात’ हे नाव अपुरे आहे, हे रितोस्साच्या रसायनांनी आधीच सुचवले होते. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत थारपारकर गुरांना बरेच दिवस रोज काही तास ४२ अंशांच्या खोलीत ठेवले, तेव्हा एचएसपी ७० चे जनुक आधी उसळले, मग ओसरले आणि पुन्हा उसळले. म्हणजे पहिल्या उन्हाच्या झटक्याला दिलेले उत्तर आणि सतत उन्हात राहून अंगवळणी पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेरठच्या संशोधकांनी २०१४ मध्ये साहिवाल आणि फ्रीजवाल या गाईंची तुलना केली. फ्रीजवाल म्हणजे होल्स्टिन आणि साहिवाल यांचा, लष्करी केंद्रांतच घडलेला संकर. एचएसपी ९० चे जनुक साहिवालमध्ये अधिक चालते, असे दिसले.

येथे वाचकाने थोडे थांबावे. जनुक अधिक चालू, याचा अर्थ जनावर अधिक त्रासात आहे, की त्याचे संरक्षण अधिक चांगले आहे? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. धाप किती लागली, गुदद्वारातले तापमान किती चढले, रात्री ते केव्हा उतरले, ही साधी मोजमापे सोबत नसतील, तर जनुकांचा आकडा मुका असतो. नव्या तंत्राच्या भरात थर्मामीटर विसरणारे संशोधन आम्हाला तरी अर्धवट वाटते. देशी गुरांची सहनशक्ती त्यांच्या कातडीत आणि पोळीत तर आहेच, पण तेवढ्यातच नाही, हे मात्र फ्लोरिडातील प्रयोगांनी दाखवले. काही दिवसांच्या, काचेत वाढवलेल्या भ्रूणांना ४१ अंशांचा ताप दिला, तर ब्राह्मण गाईंचे भ्रूण होल्स्टिनपेक्षा कमी नासले. भ्रूणाला ना कातडी, ना घाम!

वासरांपुरते पाहिले तर एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो, आणि कोठीपोट पुरते तयार झालेले नसल्याने आंबण्याची उष्णताही कमी असते. म्हणून त्याच गोठ्यात वीस लिटर देणारी गाय आधी धापा टाकते आणि वासरू नंतर. पण वासराचे खरे नुकसान जन्मापूर्वीच होऊन गेलेले असू शकते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे.

गाय व्यायच्या आधी साधारण दोन महिने आपण तिला आटवतो. दूध नाही म्हणून तिच्याकडे लक्षही कमी असते. पंखा, सावली, पाणी यांत पहिला मान दुभत्या गाईला. मृगाच्या आसपास विणारी गाय असेल, तर तिचे हे दोन महिने नेमके एप्रिल आणि मे असतात. फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल, हिमेना लापोर्टा आणि सहकाऱ्यांनी आटवलेल्या गाईंचे दोन गट केले. एका गटाला सावली, पंखे आणि पाण्याचे फवारे. दुसऱ्याला नुसती सावली. बिनफवाऱ्याच्या गाईंची वासरे काही किलोंनी हलकी जन्मली, आणि चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्यांच्या आतड्यांनी कमी शोषली. जन्मानंतर सर्वांना सारखेच वाढवले. तरीही त्या कालवडी दुधावर आल्यावर पहिल्या वेतात रोज सुमारे दोन किलो दूध कमी देत होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या नोंदींत तर त्यांच्या पोटच्या कालवडींतही घट दिसली. आजी तापली, त्याचे पडसाद नातीच्या दुधात उमटले.

यात जनुकांचा मजकूर बदललेला नाही. २०१८ मध्ये अशा वासरांच्या यकृताची आणि पुढे गाय झाल्यावर त्यांच्या कासेची तपासणी झाली, तेव्हा डीएनएवर चिकटणाऱ्या मिथिल या छोट्या रासायनिक खुणांची मांडणी वेगळी आढळली. या खुणा कोणते जनुक सहज चालू व्हावे आणि कोणते दबून राहावे, यावर परिणाम करतात. नातीपर्यंतचा परिणाम कळायलाही अवघड नाही. कालवड पोटात असतानाच तिच्या अंडाशयात पुढच्या पिढीची बीजे तयार होऊ लागलेली असतात, म्हणजे उन्हाने तापल्या त्या एका वेळी तीन पिढ्या.

यावर जनुकांच्याच मार्गाने उपाय शोधणारेही आहेत. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गुरांत अंगावरचे केस अगदी आखूड आणि तुळतुळीत असतात. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला पकडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील एका बदलामुळे हे होते, असे २०१४ मध्ये कळले. नेहमीच्या संकराने हा गुण होल्स्टिनमध्ये उतरवला गेला आहे, आणि जनुक-संपादनाने तो आणलेल्या गुरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये कमी जोखमीची म्हणून वाट मोकळी करून दिली. आपल्याकडे मात्र गीर, साहिवाल, थारपारकर, नाशिकच्याच पश्चिम भागातली तेलकट कातडीची डांगी, असा मोठा साठा आधीच आहे. प्रत्येकीने वेगळ्या हवेशी जमवून घेतले आहे. डांगीची कातडी घाटातल्या पावसासाठी आहे, आणि ती मालेगावच्या कोरड्या उन्हातही तितकीच उपयोगी पडेल असे समजू नये.

शाळेत यातले काय करता येईल? पेशी आणि पीसीआर नाही, पण कोरडा आणि ओला असे दोन तापमापक बहुतेक प्रयोगशाळांत असतात. अर्ल थॉम या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५९ मध्ये माणसांच्या अस्वस्थतेसाठी एक निर्देशांक काढला; १९६४ मध्ये मिसुरीतच तो दुभत्या गाईंना लावला गेला. भारतात बरेचदा वापरले जाणारे सूत्र असे : दोन्ही तापमापकांच्या अंशांची बेरीज करावी, तिला ०.७२ ने गुणावे आणि ४०.६ मिळवावे. उत्तर ७२ च्या वर गेले, की होल्स्टिन रक्ताच्या दुभत्या गाईला त्रास सुरू झाला असे समजतात. अलीकडे जास्त दुधाच्या गाईंसाठी ही मर्यादा ६८ धरतात. समजा मालेगावला दुपारी कोरडा तापमापक ४१ आणि ओला २३ दाखवतो. बेरीज ६४, उत्तर जवळजवळ ८७. त्याच रात्री २५ आणि १९ असेल, तर उत्तर ७२ च्या किंचित वर. म्हणजे कोरड्या मुलखात रात्र जनावराला सावरायला थोडी उसंत देते, दमट कोकणात तीही कमी मिळते. मुलांनी हे आकडे पत्र्याच्या गोठ्यात, पाचट टाकलेल्या पत्र्याखाली आणि लिंबाच्या सावलीत, एकाच दुपारी घ्यावेत. सोबत प्रत्येक ठिकाणच्या जनावराचे मिनिटाचे श्वास बरगडीकडे पाहून मोजावेत. आटवलेली गाय कोठे बांधली आहे, हेही त्या वहीत एका रकान्यात लिहायला सांगावे.